वासराला आधी चीक

सकाळचा राउंड सुरू व्हायच्या आधीच सिस्टरनी सिरिंज माझ्यासमोर धरली. आत बाळाच्या पोटातून नळीने ओढलेलं तीन मिली हिरवट, नासलेल्या दुधासारखं काहीतरी. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं 1180 ग्रॅमचं बाळ, आज दहावा दिवस. काल संध्याकाळपर्यंत नळीतून दिलेलं पावडरचं दूध पचवत होतं. आता पोट टम्म फुगलेलं, कातडी चकचकीत, खालच्या शिरा दिसत होत्या. डायपरमध्ये रक्ताची बारीक रेघ.

दूध बंद केलं, नळी मोकळी सोडली, रक्त कल्चरला पाठवून अँटिबायोटिक सुरू केलं. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले. एनईसी. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं सुजतं, सडतं, कधी फुटतं. हे फुटलं नव्हतं, एवढाच दिलासा.

आई दुसऱ्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूमध्ये होती. बाळंतपणात झटके आले होते. ती शुद्धीवर येऊनही चार दिवस झाले होते, पण तिचं दूध काढून ठेवावं असं तिथे कुणाच्या मनात आलं नाही. आणि आम्हीही फोन करून विचारलं नाही, हे मला त्या एक्स-रेसमोर उभं असताना फार लागलं. आशियातली पहिली मानवी दुधाची बँक 1989 मध्ये आपल्या मुंबईत, सायन रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आमच्याकडे आजही नाही, म्हणून पावडरच्या दुधाचा डबा.

दुपारी बाळाचे वडील तोच डबा घेऊन आले. गावात दूध संकलन केंद्र चालवतात. "मॅडम, ह्याच्यावर लॅक्टोफेरिन लिहिलंय. जंतू वाढू देत नाही म्हणाला दुकानदार. मग हे असं का झालं?"

दुकानदार खोटं बोलला नव्हता. लॅक्टोफेरिन हे दुधातलं प्रथिन लोह धरून ठेवतं. ई. कोलायसारख्या जंतूंना वाढायला लोह लागतं, ते मिळालं नाही की त्यांची वाढ खुंटते. आईच्या दुधात ते लिटरमागे एक-दोन ग्रॅम असतं, पहिल्या चिकात त्याहून बरंच जास्त. गायीच्या दुधात अगदी थोडं. म्हणून गायीच्या दुधातून काढून ते काही डब्यांत वरून घालतात. 2009 मध्ये इटलीत 472 नाजूक बाळांवर चाचणी झाली, तेव्हा जंतुसंसर्गाचं प्रमाण ते न दिलेल्यांत 17.3 टक्के होतं, दिलेल्यांत 5.9. आम्ही सगळे हरखलो होतो. मग 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 2203 बाळांच्या चाचणीचा निकाल आला: न दिलेल्यांत 31 टक्के आणि दिलेल्यांत 29 टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा.

त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. दूध नासलं की खाली बसतो तो चोथा, वर राहते ती निवळी. गायीच्या दुधातल्या प्रथिनांत ऐंशी टक्के चोथ्याची, आईच्या दुधात निवळीची जास्त. त्या निवळीत लॅक्टोफेरिन एकटं नसतं. आयजीए नावाचं प्रतिपिंड असतं, जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं. शिवाय आईच्या दुधातल्या खास साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या आतड्यातल्या बिफिडो ह्या चांगल्या जंतूंसाठी असतात. ते त्या खाऊन आम्ल तयार करतात आणि दुष्ट जंतूंना जागा उरत नाही. ह्याच बाळाला डब्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आईच्या दुधावरच्या बाळांनाही हा आजार होतो. पण डब्यावरच्यांना जास्त होतो, हे नक्की.

ते जरा वेळ गप्प राहिले. "म्हणजे चीकच की. गाय व्याली की जार पडायची वाट बघत नाही आम्ही, आधी वासराला चीक पाजतो. आणि माझ्याच पोरीला..."

वासराचं गणित थोडं वेगळं. त्याला आईच्या पोटात असताना प्रतिपिंडं मिळतच नाहीत, सगळी चिकातूनच. पण ते समजावण्याची ती वेळ नव्हती. मी तिकडच्या डॉक्टरांशी बोलून आईची औषधं तपासली. दूध द्यायला हरकत नव्हती. सिस्टरनी उकळलेल्या वाट्या आणि बर्फाचा डबा दिला. ते मोटरसायकलवर गेले.

रात्री साडेनऊला परतले. दहा दिवस कुणी हात न लावलेल्या छातीतून, सिस्टरनी फोनवर सांगितलं तसं हाताने पिळून, दोन मिली दूध निघालं होतं. पोटात अजून काही द्यायचं नव्हतं, त्यामुळे आम्ही कापसाच्या बोळ्याने ते फक्त गालांच्या आतून लावलं. बाळाने जीभ हलवली.

त्यानंतर आठव्या दिवशी नळीतून एक मिली सुरू केलं, आईचंच. दोन तासांनी सिस्टरनी सिरिंज मागे ओढली. आत काही आलं नाही.