१२३४५६७८९८७६५४३२१ चे अवयव हाताने पाडताना

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी डोंबिवली (तेव्हाचं ‘डेम्लो’) स्टेशनवरून ज्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं, त्यांतली ही माझी सगळ्यांत लाडकी. १११११११११ चा वर्ग. उभा गुणाकार मांडला की मधल्या रकान्याची बेरीज बरोबर ९ भरते, हातचा कुठेच येत नाही, म्हणून अंक ९ पर्यंत चढून तसेच उतरतात. एक १ वाढवला की हातचा आलाच: १२३४५६७९००९८७६५४३२१. घडी मोडली.

हिचे मूळ अवयव कागदावर पाडायचे आणि प्रत्येक अवयव मूळच आहे हे स्वतः पटवून घ्यायचं, असं मी ठरवलं. संगणक उत्तर क्षणात देतो. मला कारण हवं होतं.

सुरुवात सोपी. १११११११११ = १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ ला ३ ने भागलं की उरतात ३३३६६७. इथे मी बराच वेळ अडले. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. नुसती हमाली!

मग लक्षात आलं, की १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. समजा प या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरणार. म्हणजे १० च्या घातांच्या बाक्यांचं चक्र १, ३ किंवा ९ लांबीचं. १ किंवा ३ असेल, तर १००० ची बाकी १, आणि १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३; ती शून्य व्हायला प = ३ च हवा. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, ३ बाद. राहिलं ९. फर्माच्या सिद्धांताने १० च्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ उरते, म्हणून चक्राची लांबी प − १ ला निःशेष भागते, आणि प विषम, म्हणून प − १ ला १८ ने भाग गेलाच पाहिजे.

या चाळणीतून १०६ पैकी १७ च उरल्या: १९, ३७, ७३, १०९, १२७ असं करत ५७७ पर्यंत. त्या मात्र मी एकेक करून भागल्या. ३७ ने भागताना बाकी फक्त १ उरली, १६३ ला ६. शून्य कुठेच नाही. ३३३६६७ मूळ ठरली.

म्हणजे आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग, आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

या वाटेवर जे हाती लागलं ते मला अवयवांहूनही मोलाचं वाटतं. बाक्यांचं चक्र जेवढं लांब, तेवढेच अंक १/प च्या दशांश रूपात फिरतात: १/३ मध्ये एक अंक फिरत राहतो, १/३७ = ०.०२७०२७… मध्ये तीन, १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… मध्ये नऊ. आणि नऊ अंकांचं चक्र असलेली दुसरी मूळ संख्याच नाही, कारण तशी कुठलीही संख्या १००१००१ ची अवयव असावी लागते, आणि तिथे ३ आणि ३३३६६७ खेरीज कुणी नाही.