आत्याच्या घराचे बारा खांब

ठाण्यातल्या चरईतलं आत्याचं घर फेब्रुवारीत पाडायचं ठरलंय, हे मला नोव्हेंबरात फोनवर कळलं. मी तेव्हा नॉर्वेतल्या स्टावांगरमध्ये, बंदराच्या पश्चिमेकडच्या गल्लीतून ऑफिसातून घरी चाललो होतो. दोन्ही बाजूंना पांढरी लाकडी घरं, हात वर केला तर वळचणीला लागेल इतकी बुटकी. आत्या बोलत होती आणि मी तिथल्या एका दाराकडे बघत उभा होतो.

या वस्तीला गाम्ले स्टावांगर, म्हणजे जुनं स्टावांगर म्हणतात. घरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, आणि कुणा धनिकाची नव्हेत. खलाशी, कारागीर, पुढे मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतले कामगार इथे राहायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पाडून काँक्रीटच्या इमारती उभारायचा बेत होता. शहराचे वास्तुविशारद आयनार हेडेन त्याविरुद्ध उभे राहिले, आणि १९५६ मध्ये नगरपरिषदेनं वस्तीचा एक भाग राखायचा ठराव केला. आज तिथे दीडशेहून जास्त घरं आहेत आणि त्यांत माणसं राहतात. खिडकीत कुंड्या, दाराशी बाबागाडी. फळी कुजली तर तेवढीच काढून तशीच दुसरी बसवतात.

आपल्या ठाण्यात जुनं काय म्हटलं की आपण पाहुण्यांना कोपिनेश्वराचं देऊळ दाखवतो, मासुंदा तलाव दाखवतो, १८५३ मध्ये पहिली आगगाडी इथे आली हे सांगतो. ते दाखवायलाच हवं. पण त्या गाडीतून उतरलेला कारकून संध्याकाळी ज्या ओसरीवर टेकला, ती ओसरी आपण कधी दाखवत नाही.

डिसेंबरात घरी आलो आणि आतेभावाला घेऊन टेप लावून सगळं घर मोजलं, कारण या घराचा नकाशाच कुणाकडे नव्हता. तीन दिवस लागले. खांब सागवानी, एकूण बारा. प्रत्येकाखाली दगडी तळखडा, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. तुळईचं तोंड खांबाच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली. सांध्यात खिळा एकही नाही. माळ्यावर बॅटरी घेऊन चढलो तर सांध्यांजवळ पटाशीनं कोरलेल्या रेघा दिसल्या: एक, दोन, तीन. सुतारांनी सगळं लाकूड खाली तासून, जुळवून, खुणा करून मग वर चढवलं होतं. त्यांची नावं आमच्या घरात कुणालाच माहीत नाहीत, पण त्यांची मोजणी शाबूत होती.

कौलांवर मंगळूरचा शिक्का आहे. तिथे बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि मंगळुरी कौलं गलबतांतून किनाऱ्यानं इकडे येऊ लागली. म्हणजे हे छप्पर त्यानंतरचं. दर मे महिन्यात घर शाकारायला माणसं यायची, ते मलाही आठवतं. स्टावांगरला लाकडाला अळशीच्या तेलाचा रंग देतात, असं सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, “अरे, आम्हीपण दारांना अळशीचंच तेल द्यायचो. तुझ्या आजोबांचा नेम होता, दिवाळीच्या आधी.”

तिला “इथेच राहा” असं मी म्हणू शकलो नाही, म्हणणारही नाही. ती ७८ वर्षांची आहे. जिना उभा, संडास मागच्या अंगणात, पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. तिला लिफ्ट हवी आहे आणि ती तिला मिळायला हवी. स्टावांगरला नगरपरिषद एका वस्तीच्या पाठीशी उभी राहिली. इथे आत्या एकटीच कौलं बदलत आली. घर साधं असलं तरी त्याचा भार एका कुटुंबाला पेलत नाही, हे मला तीन दिवसांत नीट कळलं. आणि तरी ते जाणार याचं मला मनापासून दुःख आहे.

शेवटच्या दिवशी लाकूड घ्यायला माणूस आला. जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं, त्यामुळे तो खांब कुठे कापायचे ते बघत होता. आत्या खुर्चीतून उठली. “करवत लावायची नाही,” ती म्हणाली. “खुंट्या काढा. खांब अख्खे निघतात, तसेच घातलेत ते.” चार खांब आणि दाराची चौकट नव्या इमारतीच्या प्रवेशापाशी बसवायची, हे तिनं बिल्डरकडून लिहून घेतलंय.

तो गेल्यावर आम्ही खडू घेऊन खांबांवर आकडे घातले, सुतारांच्या रेघांशी जुळवून. बाराव्या खांबावर आत्यानं स्वतः घातला.