कौलं कोण चाळणार?

राजापुरात वकिली करताना माझ्याकडे निम्मीअधिक कामं बंद घरांची येतात. आईवडील गेलेले, मुलं मुंबई-पुण्याला, आणि गावात जांभ्याचं कौलारू घर कुलपात.

एप्रिलअखेर दोघे भाऊ आले, एक डोंबिवलीचा, एक पुण्याचा. घर वडिलांनी स्वतः बांधलेलं. "विकायचं नाही, वकीलसाहेब. गणपती तिथेच बसला पाहिजे. फक्त बहिणीचं हक्कसोडपत्र करून द्या." बहीण लांज्याला दिलेली. तिने घरातला आपला वाटा भावांसाठी सोडून दिल्याचा मसुदा मी केला. तिच्याशी एक शब्दही न बोलता केला, हे मला आजही बोचतं.

मुलींना हिस्सा 2005 साली मिळाला असं बरेच जण धरून चालतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मुलीला 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिला होता. अडत होतं ते कलम 23 मुळे. कुटुंबाच्या राहत्या घरात वाटा असूनही, भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत तिला ती मागता येत नसे. 2005 च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. पण हक्कसोडाला येणारे कितीतरी भाऊ अजून ते कलम असल्यासारखेच बोलतात.

चतुःसीमा लिहायच्या म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घर बघायला गेलो. किल्ली बहिणीकडे होती. ओटी झाडून लख्ख, तुळशीला पाणी घातलेलं. माजघरात मात्र भिंतीला ओल उतरलेली आणि एक वासा वाळवीने पार पोखरलेला. थोरल्याने देवघराच्या चौकटीला हात लावला, त्याचे डोळे भरून आले. मी मसुदा पुढे केला.

"सही करते," ती म्हणाली. "पण दादा, यंदा कौलं कोण चाळणार?"

पावसाआधी दरवर्षी कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावावी लागतात. कुणीच बोललं नाही. तिने पिशवीतून शाळेची वही काढली. आई गेल्यापासूनची सहा वर्षं त्यात होती. दर मे महिन्याची गड्यांची मजुरी, माकडांनी फोडलेली कौलं, बदललेले रीप, घरपट्टी, वाळवीचं औषध. प्रत्येक पानाखाली बेरीज. भावांकडून आलेली रक्कम एकाही पानावर नव्हती.

"मी मागितले नाहीत, तुम्ही विचारलं नाहीत. माझे गुडघे गेले, आता माझ्याने येववत नाही. घर उभं आहे तोवर विका रे. उद्या नुसता चौथरा उरला तर आपल्यालाच बघवणार नाही."

विका म्हणणारी ती एकटी होती, आणि सांभाळणारीही ती एकटीच. मी मसुदा परत घेतला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, हे मी तिला तिथे ओटीवर सांगितलं. खरं तर ते आधीच सांगायला हवं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली. जाताना किल्ली थोरल्याच्या हातात ठेवली. धाकटा वहीची पानं मागे-पुढे करत कितीतरी वेळ बसून होता.

पंधरा दिवसांनी थोरल्याचा फोन आला. खरेदीखत करायचं, तिघांचे सारखे हिस्से, बहिणीचा सगळा खर्च आधी तिला देऊन. गिऱ्हाईक अजून बघायचं होतं. जरा थांबून म्हणाला, "हे सगळं होईपर्यंत पाऊस लागेल. कौलं चाळणारा कुणी ओळखीचा आहे का? मी शनिवारी येतोय."