तुम्ही विचारलंत म्हणून : बुडालेल्या गावात मी कीट का शोधतो

उन्हाळ्यात शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी उतरले की आपल्या बुडालेल्या गावचे देऊळ पाहायचे सोडून तुम्ही लोखंडाचे कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ, कसले गोळा करता, असे धरणामुळे गाव सोडून कोपरखैरण्यात आलेले आमचेच जावळीकर मला वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. हा रिकामपणाचा उद्योग नाही, एवढे आधी सांगतो.

महाबळेश्वरच्या डोंगरावरच्या जांभ्यात लोह आहे. त्या भागात धावड लोक कोळशाच्या भट्ट्या लावून लोखंड गाळत. विलायती लोखंड स्वस्त झाले, जंगलातला कोळसा महागला आणि त्यांचा धंदा धरणाच्या कितीतरी आधी बसला. आमचे कोयनेचे खोरे म्हणजे नाचणी-वरीची चार खाचरे, बुडाली तर काय बिघडले, असे बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

एकदा काठावरच्या चिखलात मला मुठीएवढा काळा, जड तुकडा सापडला. त्याच्यावर गोठलेल्या ओघळांच्या सुरकुत्या होत्या आणि एका बाजूला भात्याच्या मातीच्या नळीचा, काचेसारखा वितळलेला काठ चिकटून राहिला होता. घरी आणून तो मी नानांसमोर ठेवला. वाशीच्या बाजारात उभी हयात पाठीवर गोणी वाहिलेल्या माझ्या या चुलत्यांना पर्यायी जमीन अजून मिळालेली नाही.

"हे नांगराला लागायचं. आम्ही बांधावर फेकायचो," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी तुकडा हातातून खाली ठेवला नाही. "आमची जमीन गेली तेव्हा मोजायला सरकारचा माणूस तरी आला होता. ह्यांची भट्टी विझली तेव्हा कोण आलं होतं?" मी काही बोलणार तोच त्यांनी विचारले, "पण हे दाखवून माझा सातबारा निघंल का?"

मला उत्तर देता आले नाही. आधी जमिनीचा निकाल लागू दे, इतिहास मागून पाहू, असे तरुणपणी मीच बैठकांतून सांगत असे, आणि ते म्हणणे मला आजही खोडता येत नाही. तरीही १९६२ पासून ज्या खोऱ्याची वीज कारखान्यांना मिळू लागली, त्या खोऱ्याला स्वतःचा कारागीर हात होता, हे नोंदवायचे कोणी? नानांच्या अर्जाचा पाठपुरावा मी करतोच आहे. धावडांच्या वंशजांपैकी कोणी तुमच्या ओळखीत असेल तर मात्र कळवा. भट्टीची जागा ते कशी निवडत, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.