युरोपचं खाणं चीनमध्ये विकायचंय? तुम्ही विचारलंत म्हणून

युरोपात नोकरीनिमित्त राहिलेल्या किंवा शांघाय-सूझोऊकडे बदली झालेल्या आपल्या माणसांकडून हा प्रश्न हटकून येतो: इटलीचं ऑलिव्ह तेल, स्पेनची बिस्किटं, फ्रान्सचा जॅम असा माल चीनमध्ये नेऊन छोटा धंदा उभा राहील का, आणि सुरुवात कुठून करायची? राहतो. पण जी कामं लोक 'बघू नंतर' म्हणून मागे टाकतात, तीच इथे आधी करायची असतात. माल युरोपात ट्रकवर चढतो, तोवर धंद्याचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो.

पहिलं काम म्हणजे कारखान्याचा नोंदणी क्रमांक. चीनच्या कस्टम्सचा २४८ क्रमांकाचा आदेश १ जानेवारी २०२२ला लागू झाला. तेव्हापासून खाण्याचा माल बनवणाऱ्या परदेशी कारखान्याची चीनकडे नोंदणी लागते. आपली नव्हे, निर्यातदाराची नव्हे, कारखान्याची. नोंदणी कंपनीच्या नावाला नसून जागेला असते. तेल एका गावात गाळलं आणि दुसऱ्या गावात बाटलीत भरलं, तर भरणाऱ्याचीही नोंद पाहावी लागते. २४८प्रमाणे नोंदणी पाच वर्षं चालते आणि मुदत संपण्याआधी तीन ते सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज टाकावा लागतो. १ जून २०२६पासून या आदेशाची जागा २८० क्रमांकाचा आदेश घेतो, म्हणून कुठला माल कुठल्या यादीत हे जुन्या कागदावरून ठरवू नका, अर्जाच्या दिवशी ताजी यादी पाहा.

२४८च्या यादीत अठरा प्रकार असे होते, ज्यांच्यासाठी त्या देशाच्या सरकारी खात्याची शिफारस लागते. मांस, मासळी, दुधाचे पदार्थ, मध, अंडी, खाद्यतेल, सुका मेवा, मसाले वगैरे. बाकीच्यांना कारखाना स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतो. ही रेघ कुठून जाते ते बघण्यासारखं आहे. साधी स्पॅगेटी सोप्या बाजूला. आत सारण भरलेला पास्ता अवघड बाजूला. भाजलेली कॉफी सोपी, कच्चे दाणे अवघड. चॉकलेट सोपं, कोकोच्या बिया अवघड. नव्या माणसाने पहिल्या खेपेला सोप्या बाजूचा माल घ्यावा, किंवा ज्या तेलवाल्याची नोंदणी आधीच झालेली आहे त्याच्याकडून घ्यावं. दोन पॅलेटच्या ऑर्डरसाठी डोंगरातला छोटा तेलवाला सरकारी खात्याकडे खेटे घालणार नाही, हे गृहीत धरा.

आणि नोंदणी असली तरी एक गोची उरतेच. अर्जात कारखान्याने कोणत्या मालाचे एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारे आकडे) घातलेत ते पाहा. चीनमध्ये माल तेरा आकडी कोडाने जाहीर करावा लागतो: दहा आकडे एचएसचे, पुढचे तीन तपासणीचे. कारखान्याने बिस्किटांचा कोड नोंदवला आणि तुम्ही चॉकलेट लावलेली वेफर आणली, तर अर्ज अडकतो, आणि तोवर माल बंदरात भाडं खात बसतो. कारखान्याकडून नोंदणीच्या पानाचा स्क्रीनशॉट मागवा आणि तो चीनमधल्या क्लिअरिंग एजंटला दाखवून घ्या. मगच आगाऊ रक्कम पाठवा.

चीनकडची तयारी त्या मानाने हलकी झाली आहे. व्यापार परवान्यात खाद्यपदार्थ विक्रीचा उल्लेख हवा. फक्त बंद पाकिटातला माल विकणार असाल तर पूर्ण परवान्याऐवजी नोंद पुरते. कस्टम्सकडे मालाचा घेणारा म्हणून नोंद, खाद्य आयातदार म्हणून वेगळी नोंद, आणि परदेशातल्या निर्यातदाराचीही नोंद. परदेश व्यापाराची जी वेगळी नोंदणी पूर्वी लागायची ती डिसेंबर २०२२मध्ये गेली.

आता लेबल. सगळ्यात जास्त माल इथे अडतो, आणि कारणंही क्षुल्लक असतात. १ ऑक्टोबर २०१९पासून लेबल आधी दाखवून मंजूर करून घेण्याची पद्धत बंद झाली. लोकांना वाटलं सुटका झाली. खरं तर जबाबदारी सगळी आयातदाराच्या गळ्यात आली. बाटलीच्या पाठीमागे चिनी भाषेतलं लेबल हवं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तारखा, साठवण, मूळ देश, चीनमधल्या आयातदाराचं नाव-पत्ता-फोन आणि कारखान्याचा क्रमांक. पाकिटाचा मोठा पृष्ठभाग ३५ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर अक्षर किमान १.८ मिलिमीटर उंच हवं. निव्वळ वजनाचं अक्षर त्याहून मोठं, २०० ग्रॅम ते १ किलोच्या पाकिटावर ४ मिलिमीटर. ट्रेडमार्क सोडला तर परदेशी अक्षर त्याच मजकुराच्या चिनी अक्षराहून मोठं चालत नाही.

पोषणाचा तक्ता युरोपातून जसाच्या तसा उतरवला तर हमखास चुकतो. युरोपात मीठ लिहितात, चीनमध्ये सोडियम. मिठाच्या ग्रॅमला २.५ने भागायचं. बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅमला ०.८ ग्रॅम मीठ असेल तर सोडियम ३२० मिलिग्रॅम. पुढच्या रकान्यात दैनंदिन गरजेची टक्केवारी येते. सोडियमसाठी आधार २,००० मिलिग्रॅमचा, म्हणजे १६ टक्के. ऊर्जा किलोज्यूलमध्ये, आधार ८,४०० किलोज्यूल. प्रथिनं आणि स्निग्धांश ६० ग्रॅम, कर्बोदकं ३०० ग्रॅम. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला स्निग्धांश ९१.६ ग्रॅम लिहिलेला असेल तर टक्केवारी १५३ येते. शंभराच्या वर गेली म्हणून घाबरून 'दुरुस्त' करू नका, ती बरोबरच आहे. सध्या ऊर्जेसह पाच गोष्टी सक्तीच्या आहेत. १६ मार्च २०२७पासून नवं मानक लागू होईल तेव्हा संपृक्त स्निग्धांश आणि साखर यांची भर पडेल, ॲलर्जीकारक घटक लिहिणंही सक्तीचं होईल. आत्ताच लेबलं छापत असाल तर हजारोंनी छापून ठेवू नका.

तारखेचा घोळ वेगळाच. युरोपातल्या बाटलीवर बहुधा 'या तारखेपर्यंत उत्तम' एवढंच असतं, उत्पादनाची तारीख नसते. चीनला ती हवी. टिकण्याच्या मुदतीवरून मागे मोजून ती लेबलावर घालता येते, पण कारखान्याचं पत्र हाताशी हवं: या लॉटची मुदत अमुक महिने, उत्पादन अमुक दिवशी. एका कंटेनरमध्ये चार तारखांचा माल असेल तर चारही तारखा पॅकिंग लिस्टमध्ये वेगळ्या दाखवा. आणि ०३/०४/२६ ही युरोपात ३ एप्रिल असते. चीनमध्ये वर्ष-महिना-दिवस असं वाचतात, त्यामुळे ०३ला वर्ष समजण्याची शक्यता आहेच.

समोरच्या मूळ लेबलाकडेही बघा. युरोपचं हिरवं पानाचं सेंद्रिय चिन्ह चीनमध्ये चालत नाही. चीनचं सेंद्रिय प्रमाणपत्र नसेल तर चिन्ह आणि 'ऑरगॅनिक' हा शब्द दोन्ही झाकावे लागतात. 'ओमेगा-३ ने समृद्ध' असा दावा इटालियनमध्ये असला तरी तो दावाच, चीनच्या पोषण-मानकात बसत नसेल तर झाका. पदार्थाच्या नावातही अडचण येऊ शकते. १ मार्च २०२१ला लागू झालेल्या भौगोलिक मानांकन करारात युरोपची शंभर नावं चीनमध्ये संरक्षित झाली, फेटा आणि मांचेगो त्यात आहेत. ग्रीसबाहेरच्या खारवलेल्या चीजवर 'फेटा'चं चिनी नाव चिकटवलंत तर लेबल कितीही नेटकं असो, उपयोग नाही.

हे लेबल कारखान्यात चिकटवायचं की चीनमध्ये बाँडेड गोदामात, म्हणजे कर भरण्याआधी माल कस्टम्सच्या ताब्यात राहतो तिथे? साध्या मालाला दोन्ही चालतं. आमचं मत: पहिल्या खेपेला गोदामात. चूक निघाली तर कस्टम्सच्या देखरेखीखाली पुन्हा चिकटवता येतं. आरोग्यपूरक पदार्थ आणि विशेष आहाराचे पदार्थ याला अपवाद आहेत. त्यांचं चिनी लेबल पाकिटावर छापूनच यावं लागतं, चिकटवून चालत नाही. मात्र घटकांतली चूक स्टिकरने झाकता येत नाही. पेटंट ब्लू व्ही, म्हणजे ई१३१, हा निळा रंग युरोपात गोळ्या-मिठायांत चालतो. चीनच्या यादीत तो नाही. असा माल परत पाठवा किंवा नष्ट करा, तिसरा रस्ता नाही. म्हणून घटकांची यादी प्रमाणासकट मागवून, ऑर्डर देण्याआधी, चीनच्या जीबी २७६० या खाद्य-मिश्रकांच्या मानकाशी ताडून घ्यायची. कारखाने प्रमाण सांगायला कां-कूं करतात. अडून बसा.

पैशाचा हिशोब तेलावर करू. सीआयएफ किंमत, म्हणजे विमा आणि भाडं धरून बंदरापर्यंतची किंमत, १,००,००० युआन. आयात शुल्क १० टक्के म्हणजे १०,०००. त्यावर खाद्यतेलाचा ९ टक्के व्हॅट, १,१०,०००वर ९,९००. एकूण कर १९,९००. तेवढ्याच किमतीच्या वाइनला १४ टक्के शुल्क, १० टक्के उपभोग कर आणि १३ टक्के व्हॅट मिळून सुमारे ४३,१३३ युआन पडतात, कारण उपभोग कर किमतीच्या आत धरून मोजतात. बहुतेक तयार पाकिटबंद मालाला व्हॅट १३ टक्के. इथे छोट्या धंद्याला बसणारा खरा चिमटा वेगळा आहे: वार्षिक विक्री ५० लाख युआनच्या आत असलेला 'छोटा करदाता' राहिलात तर आयातीवर भरलेला व्हॅट वजा करता येत नाही, तो मालाच्या खर्चातच धरावा लागतो. हॉटेलं आणि सुपरमार्केटं पूर्ण दराचं व्हॅट बिल मागतात. म्हणून आयात करायचीच असेल तर पहिल्या दिवसापासून सामान्य करदाता म्हणून नोंद केलेली बरी, हिशोबनीसाचा खर्च वाढला तरी.

वाहतुकीत मुदत खर्च होते, आणि मुदत म्हणजेच पैसा. भूमध्य समुद्रातून शांघायला समुद्रमार्गे महिना-सव्वा महिना धरायचा. २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून आणखी दहा-बारा दिवसांची तजवीज ठेवावी लागते. रेल्वेने पंधरा-वीस दिवस लागतात, भाडं जास्त. न्हावा-शेव्यात आयात करणाऱ्याला भारताचा ६० टक्के शिल्लक मुदतीचा नियम पाठ असतो. चीनमध्ये ही अट दुकानं घालतात: एक तृतीयांशापेक्षा जास्त मुदत उलटलेला माल मोठी दुकानं सहसा घेत नाहीत. बारा महिने टिकणारं बिस्किट कारखान्यात एक महिना, समुद्रात दीड, कस्टम्स आणि लेबलात एक, असं साडेतीन महिन्यांनी तुमच्या गोदामात येतं. दुकानदाराशी बोलायला पंधरा दिवस उरतात! म्हणून ऑर्डर देताना 'लोडिंगच्या तारखेला उत्पादन ३० दिवसांपेक्षा जुनं नको' ही ओळ करारातच घाला. पहिल्या खेपेला अठरा ते चोवीस महिने टिकणारा माल निवडा. चॉकलेट उन्हाळ्यात साध्या कंटेनरमध्ये पाठवलंत तर पांढरं पडतं, रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) १५ ते १८ अंशांवर आणावं लागतं. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का नसला तर उत्तम मालही अडतो.

चीज आणि हॅमच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये, असं आम्ही सांगतो. सप्टेंबर २०१७मध्ये ब्री, कॅमेम्बेअरसारखी बुरशीवर पिकवलेली चीजं चीनने अचानक रोखली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सोडली. मधल्या काळात ज्यांचा माल वाटेत होता त्यांनी काय करायचं? जर्मनीच्या डुकराच्या मांसावर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली ती एका रानडुकराला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग सापडला म्हणून. मोठी कंपनी असा महिना पचवते, दोन माणसांचं दुकान पचवू शकत नाही.

ऑनलाइन सीमापार विक्रीचा एक वेगळा रस्ता आहे. त्यात मान्य यादीतल्या मालाला शुल्क शून्य आणि व्हॅट नेहमीच्या रकमेच्या ७० टक्केच लागतो, पाकिटावर चिनी लेबलाची गरज नाही, माहिती विक्रीच्या पानावर देता येते. पण ग्राहकामागे एका खरेदीला ५,००० आणि वर्षाला २६,००० युआनची मर्यादा आहे, आणि तो माल दुकानात किंवा हॉटेलात पुन्हा विकता येत नाही. मालाला गिऱ्हाईक आहे का हे पाहायला ठीक.

विकताना सुपरमार्केटच्या मागे धावू नका. शेल्फवर येण्याचे पैसे, प्रत्येक बारकोडचे पैसे, वर साठ-नव्वद दिवसांची उधारी. बेकऱ्या, कॅफे, इटालियन हॉटेलं यांना पाच लिटरचे डबे लागतात आणि ती पुन्हा पुन्हा घेतात. ऑलिव्ह तेलाचा दुसरा हंगाम म्हणजे वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) भेटी: दोन बाटल्यांची पेटी. तो माल सणाच्या दोन महिने आधी गोदामात हवा, नाहीतर पेट्या वर्षभर अंगावर पडतात. ब्रँड तुमचा असेल तर चिनी नावाची ट्रेडमार्क नोंदणी आधी करून टाका, तेलाला वर्ग २९, बिस्किट-पास्त्याला ३०. तिथे जो आधी अर्ज करतो त्याचं नाव, वापरणारा कोणीही असो.

शेवटी एक धोका, जो नवख्यांना माहीतच नसतो. चीनच्या खाद्यसुरक्षा कायद्याच्या कलम १४८ प्रमाणे मानकात न बसणारा माल विकला तर ग्राहक किमतीच्या दसपट भरपाई मागू शकतो, आणि ती १,००० युआनपेक्षा कमी येत असेल तर किमान १,००० युआन. यावरच पोट चालवणारी माणसं आहेत. ती तुमचं पाठचं लेबल भिंगातून वाचतात, दहा-वीस बाटल्या घेतात आणि दावा लावतात. सुरक्षेला बाधा न आणणाऱ्या, दिशाभूल न करणाऱ्या किरकोळ लेबलदोषांना कायद्यात सूट आहे, आणि ऑगस्ट २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या स्पष्टीकरणाने अशा घाऊक खरेदीला घरगुती गरजेपुरती मर्यादा घातली आहे. पण सूट मिळवायला कागद लागतात. प्रत्येक लॉटचं कस्टम्सचं प्रमाणपत्र, कारखान्याचं पत्र, लेबलाचा नमुना आणि विक्रीच्या नोंदी मालाची मुदत संपल्यावर किमान सहा महिने ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तेलाच्या चोवीस महिन्यांच्या लॉटसाठी म्हणजे अडीच वर्षं, एका फाइलमध्ये, लॉट क्रमांकाप्रमाणे.