कापणं घरी, शिवणं जहाजावर: अलास्काची क्विल्टिंग क्रूझ

मे ते सप्टेंबर या काळात सिॲटलहून अलास्काला सात रात्रींच्या क्रूझ निघतात. त्यातल्या काही सफरींवर जहाजातला एखादा कॉन्फरन्स हॉल शिलाई मशीनांनी भरलेला असतो. जहाज नेहमीचंच असतं, प्रवासीही बहुतेक नेहमीचेच. क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी. ती शिकवणारी एखादी शिक्षिका आणि एखादा ट्रॅव्हल एजंट मिळून काही केबिन्स आणि तो हॉल आधीच राखून ठेवतात, मशीन विकणारी कंपनी किंवा दुकान मशीनं पुरवतं, आणि समुद्रातल्या दिवसांत वर्ग चालतो. मुलांकडे उन्हाळ्यात अमेरिकेला येणाऱ्या आणि घरी गोधड्या शिवणाऱ्या कितीतरी आया-मावश्यांना हा प्रकार मनापासून आवडेल. फक्त त्याची तयारी निघण्याआधी, घरच्या टेबलावर करायची असते.

आधी बुकिंग. त्याच जहाजाचं तिकीट क्रूझ कंपनीच्या साइटवर स्वस्त दिसलं म्हणून परस्पर काढलं, तर बहुतेक वेळा वर्गात बसता येत नाही. हॉलचा खर्च त्या गटाच्या केबिन्सवर बेतलेला असतो, त्यामुळे तिकीट त्याच एजंटकडून घ्यावं लागतं. वर्गाची फी, कापडाच्या किटचे पैसे आणि जहाजावरच्या टिपा हे सगळं तिकिटाच्या वर. केबिनचे दर दोघांच्या हिशोबाने असतात, एकटीने जायचं तर बरेच जास्त पडतात. न शिवणारे यजमान किंवा मुलगी सोबत आली तरी चालतं, त्यांना वर्गाची फी नसते.

नंतर व्हिसा, कारण यात अडकणारे पुष्कळ. 1886 च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल, तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिॲटलच्या जहाजांच्या वाटेत कॅनडातलं व्हिक्टोरिया येतं, बहुतेकदा शेवटच्या संध्याकाळी काही तासांपुरतं. आई भारतीय पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर आली असेल, तर तिला कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघावं लागतं. कागद जहाजावर चढतानाच तपासतात. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा ते काम क्रूझचं नक्की होताच हातात घ्या.

वेळापत्रक वाचताना ‘समुद्रातला दिवस’ असं जिथे लिहिलंय तिथे थांबून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हिमनदीच्या दिवशी वर्ग आहे का? ग्लेशियर बेमध्ये जहाज बंदराला लागत नाही, त्यामुळे कागदावर तोही समुद्रातलाच दिवस दिसतो. पण त्या दिवशी नॅशनल पार्कचे रेंजर्स जहाजावर येऊन माहिती सांगतात आणि समोर बर्फाचे कडे कोसळत असतात. तेव्हा बंद हॉलमध्ये शिवत बसणं हा मोठा तोटा. जाणते आयोजक त्या दिवशी वर्ग ठेवत नाहीत. दुसरा प्रश्न पहिल्या दिवसाचा. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटांच्या आडोशाने जातात, पण सिॲटलची बरीचशी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. म्हणजे पहिला वर्ग नेमका सगळ्यात हलत्या पाण्यावर. शिवताना डोळे सुईवर स्थिर आणि शरीर डुलतंय, याने मळमळ लवकर सुरू होते. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि मळमळायच्या आधीच घ्या, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वर्गात दर वीस मिनिटांनी उठून खिडकीतून क्षितिजाकडे बघा.

आता सामान. इस्त्री केबिनमध्ये चालत नाही, आगीच्या भीतीने ती बॅगेतूनच काढून ठेवतात. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन कॉर्डही तशीच काढून ठेवतात. बहुतेक कंपन्या 4 इंचांहून लांब पात्याची कात्री चालू देत नाहीत. गोल पात्याचा रोटरी कटर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इनमध्ये टाकावा लागतो, आणि जहाजावर त्यासाठी आयोजकांनी परवानगी काढलेली असली तरच तो हाती राहतो. वर्गात चार-दोन कटर आणि कापताना खाली घ्यायच्या मॅट असतात, पण त्यांच्यासाठी थांबावं लागतं. घरचं मशीन न्यायचा विचार सोडून द्या. जहाजावर 110 व्होल्टची वीज असते, आपली 220 ची मोटर त्यावर नीट चालणार नाही. त्यापेक्षा वर्गात कुठलं मॉडेल असेल ते विचारून त्याला बसणाऱ्या पाच-सहा बॉबिन न्या आणि पहिल्याच संध्याकाळी राखाडी किंवा फिक्या बदामी दोऱ्याने भरून ठेवा. हे रंग बहुतेक कापडांत लपून जातात. दोरा 50 नंबरचा सुती, सुई 80/12.

कटरसाठी असं थांबावं लागतं, म्हणूनच कापणी घरी उरकावी. क्विल्ट ज्या चौकोनी नक्ष्या जोडून होते त्यांना ब्लॉक म्हणतात. शिकवतात त्यातला एक नेहमीचा ब्लॉक घेऊ, 8 इंची ‘सॉटूथ स्टार’. मध्ये साडेचार इंचांचा एक चौकोन, कोपऱ्यांना अडीच इंचांचे चार, आणि चारही बाजूंना चांदणीची टोकं. ती टोकं सुटे त्रिकोण कापून शिवू नयेत. तिरप्या कापलेल्या कडेला कापड ओढलं जातं आणि ब्लॉक वाकडा होतो. त्याऐवजी पार्श्वभूमीच्या कापडाचा सव्वापाच इंचांचा एक चौकोन घ्या आणि चांदणीच्या कापडाचे 2 इंच 7 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापाचे चार. मोठ्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन लहान चौकोन सुलटीवर सुलटी ठेवा, मध्ये ते एकमेकांवर थोडेसे चढतील. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलची रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवण, मग रेघेवर कापा. दोन तुकडे मिळतात. लहान त्रिकोण बाहेर उलगडून प्रत्येकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर एकेक लहान चौकोन ठेवून तसंच शिवा आणि कापा. चार टोकं एकदम तयार, प्रत्येक अडीच बाय साडेचार इंच. टोकाच्या शेंड्यावर पाव इंच कापड शिल्लक आहे ना, ते बघा. नसेल तर पुढच्या शिवणीत शेंडा गडप होतो.

असे बारा ब्लॉक जोडले की 24 बाय 32 इंचांचं बाळाचं दुपटं होतं. 44 इंच पन्ह्याचं कापड धरलं तर पार्श्वभूमीला 60 सेंटिमीटर, टोकांना 40 आणि मधल्या चौकोनांना 30 पुरतं, चुकीला थोडं उरतंही. प्रत्येक ब्लॉकचे तुकडे वेगळ्या झिप पिशवीत भरून वर चिठ्ठी लावा.

पाव इंच म्हणजे दोन सूत, आणि सगळा खेळ त्यावर आहे. शिवण अर्धा सूत जाड गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एक सूत जातं. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी, म्हणजे ओळ सात सूत आखूड! वर्गातलं मशीन तुमचं नसतं, त्यामुळे बसल्या बसल्या आधी चाचणी घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरायला हवी. कमी भरली तर सुई एक-दोन खुणा उजवीकडे सरकवा. कापड दुमडताना केसभर जातंच, म्हणून शिवण पाव इंचापेक्षा केसभर कमी बरी.

वर्गात रांग लागते ती इस्त्रीपाशी. सगळ्या इस्त्र्या एकदम लावल्या तर फ्यूज जातो, म्हणून त्या मोजक्याच ठेवतात. यावर उपाय म्हणजे साखळी शिवण: एक जोडी सुईखालून गेली की दोरा न तोडता लगेच दुसरी सरकवायची, सगळ्या जोड्या झाल्या की साखळी कापून एकदाच इस्त्रीला न्यायची. मधल्या वेळात शिवण नखाने किंवा लाकडी पट्टीने दाबून बसवा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवली की कापड ताणलं जातं. शेजारच्या ओळींच्या शिवणी उलट दिशांना पाडल्या की त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे जुळतात.

घरून कापड न्यायचं असेल तर अजरख, बगरू, इंडिगो यांची छपाई क्विल्टमध्ये फार देखणी दिसते, पण रंग जातो. पांढऱ्याशेजारी लावण्याआधी दोन-तीनदा धुवा, मग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. मलमल फार पातळ पडते. चारी बाजूंनी कापून आलेल्या तयार तुकड्यांचे पुडे मात्र धुऊ नका, कडा निसटतात आणि माप बिघडतं.

केचिकन, जूनो, स्कॅगवे या बंदरांवर वर्ग नसतो. केचिकनला पाऊस भरपूर, तेव्हा कापड घ्यायला उतराल तर प्लास्टिकची पिशवी जवळ हवी. देवमासे, अस्वलं, सामन यांच्या छपाईचं कापड तिथे मिळतं. घेताना परतीच्या विमानाच्या वजनाचं भान ठेवा, सुती कापड दिसतं त्यापेक्षा जड असतं.

जहाजावर सहसा फक्त वरचा थर पुरा होतो. आत सुती बॅटिंग (भरावाचा थर) आणि खाली अस्तर घालून टाके घालायचं काम घरी येऊनच. अस्तराला जुनी सुती साडी उत्तम. मात्र ती वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठी घ्या, कारण टाके घालताना ती आत ओढली जाते. आणि धावदोरा मधून बाहेरच्या दिशेने घाला, म्हणजे मध्ये फुगे राहत नाहीत.