कौलं उतरवायला कौल: भिलार ते बामणोली

पुस्तकांच्या गावाला, भिलारला, मी तिसऱ्यांदा चालले होते, पण ठरवून जायची ही पहिलीच वेळ. दोन दिवस फक्त डोंगरातल्या माणसांची आणि त्यांच्या देवांची पुस्तकं वाचायची आणि तिसऱ्या दिवशी बामणोलीच्या बाजूला उतरायचं, असा बेत होता. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर तिकडच्याच एका वाडीतलं. त्यांच्या वाघजाई देवीला कौल लावणार होते, म्हणजे एका कामासाठी तिची परवानगी मागणार होते. "तू एवढं वाचतेस, एकदा ये आणि बघ," असं ती वर्षभर म्हणत होती.

पसरणीचा घाट चढण्याआधी मी वाईत थांबतेच. सगळे कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीकडे जातात, मीही जाते. पण वाईचं नाव घेतलं की मला आधी प्राज्ञ पाठशाळा आठवते. धर्मकोशाचं अवाढव्य काम इथं झालं, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश इथूनच उभा केला. शास्त्रवचनं कोणत्या ग्रंथात कशी आली आहेत, ते एकेक वचन वेचून लावणारी माणसं या कृष्णाकाठी बसली होती. तिथून उत्तरेला मान वर केली की मांढरदेवाचा डोंगर. तिथे काळूबाईला परडी घेऊन येणाऱ्या बाईच्या तोंडी जो धर्म आहे, त्याचा कोश अजून झालेला नाही. २५ जानेवारी २००५ ला पौषी यात्रेत त्या डोंगरावर चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसं गेली. त्या दिवसांत अंधश्रद्धेवर लेखांमागून लेख आले. त्या बाया कुठल्या गावच्या होत्या, कशाचा नवस फेडायला आल्या होत्या, हे मला त्यातल्या फार थोड्या लेखांत सापडलं. तेव्हापासून या विषयावरचं काही दिसलं की मी ते सोडत नाही.

भिलारबद्दल बहुतेकांना माहीत असतं. पाचगणी सोडून महाबळेश्वरच्या वाटेला लागलं की आत वळायचं. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकारानं ४ मे २०१७ ला हे पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधलं हे-ऑन-वे डोळ्यांपुढे होतं, पण तिथं पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथं पुस्तकं माणसांच्या घरात आहेत. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी कपाटं लागली. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात चरित्रं, आणखी कुठं संतसाहित्य. पैसे नाहीत, नावनोंदणीची कटकट नाही. चपला काढायच्या आणि बसायचं. मी बसले होते तिथे ओसरीवर स्ट्रॉबेरीचे पुठ्ठ्याचे खोके भरायचं काम चाललं होतं. घरच्या वहिनी लहान फळं खाली, मोठी वर, असं न करता खरोखर एकसारखी लावत होत्या. मधूनच आत येऊन, "ताई, लाईट लावू का?" एवढंच विचारायच्या. वाचणाऱ्या माणसाला किती आणि काय बोलायचं, हे या गावाला बरोबर कळलंय.

दोन दिवसांत काय वाचलं ते सगळं सांगत बसत नाही. तीन माणसांचं मात्र सांगायलाच हवं.

पहिले रा. चिं. ढेरे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' मी बारा-पंधरा वर्षांपूर्वी वाचलं होतं, ते पुन्हा हातात घेतलं. १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक. पंढरीच्या विठोबाचा माग काढत ढेरे थेट गवळी-धनगरांच्या वाड्यावर जातात, आणि जिथे विठ्ठल आणि धनगरांचा देव बिरोबा शेजारी शेजारी उभे आहेत अशी ठाणी दाखवतात. कोल्हापूरकडचं पट्टण कोडोली हे त्यातलं एक. दसऱ्यानंतर तिथं फरांडे बाबांची भाकणूक होते. पाऊस कसा पडेल, पिकाचं काय होईल, धारण चढेल की उतरेल, राज्यात काय उलथापालथ होईल, हे भंडाऱ्यानं पिवळ्याधमक झालेल्या गर्दीपुढे सांगितलं जातं. ढेरे स्वतः आंदर मावळातले, आजीनं वाढवलेले. देवाबद्दल लिहिताना त्यांचा आवाज कधी वरून येत नाही, त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

दुसरे गुंथर सोंथायमर. जर्मन माणूस, हायडेलबर्ग विद्यापीठातला, पण वर्षानुवर्षं धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ चं, इंग्रजी भाषांतर १९८९ चं. त्याची झेरॉक्स मी घरूनच नेली होती. रानातला देव गावात कसा येतो आणि येताना रान बरोबर कसं आणतो, हे त्यांनी मांडलंय, आणि ते वाचल्यावर वाटेतलं एकही शेंदूर फासलेलं दगडाचं ठाणं नुसतं दगड म्हणून दिसत नाही.

तिसरे आपले व्यंकटेश माडगूळकर. माणदेश म्हणजे सह्याद्रीची ऐन धार नव्हे, मला माहीत आहे. पण सांगली जिल्ह्यातल्या त्या माळावरच्या धनगरवाडीवर १९५५ साली आलेली 'बनगरवाडी' या बैठकीला घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. कुणी भाषण करत नाही. माणसं मेंढरं घेऊन निघतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तकं कपाटात लावताना मनात एक गोष्ट घोळत होती. भाकणूक असो, कौल असो, पुस्तकात तिचा शेवट नेमका लिहिलेला असतो. देवानं उजवं दिलं, देवानं डावं दिलं. प्रश्न आणि उत्तर. मधलं काय?

तिसऱ्या दिवशी पहाटे निघाले. महाबळेश्वरवरून केळघर घाट उतरून मेढा, तिथून कुसुंबीच्या काळेश्वरीपुढे हात जोडून वर कासला. फेब्रुवारीत कासच्या पठारावर फुलं नसतात, नुसता तांबूस काळा कातळ आणि वाळलेलं गवत. मला ते पठार असंच आवडतं. मग बामणोली. लाँचमध्ये बसलं की समोर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरतो आणि त्यापलीकडे वासोट्याचा डोंगर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना अडली आणि या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. काही माणसं लांबच्या जिल्ह्यांत गेली, काही इथेच वरच्या अंगाला सरकली. मैत्रिणीची वाडी अशी सरकलेली.

देऊळ म्हणजे चार सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, मातीची भिंत. आत मूर्ती नाही, शेंदराचे थर चढून गुळगुळीत झालेला तांदळा. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद. कर्ती माणसं मुंबईत; आधीची पिढी मस्जिद बंदराला माथाडी होती, आताची पोरं वाशी मार्केटला. त्यांच्या मंडळानं वर्गणी जमवली होती: मंदिर पाडून स्लॅबचं बांधायचं. काम चैत्रातल्या यात्रेच्या आधी व्हावं, म्हणजे सगळे येतील तेव्हा नवं देऊळ दिसेल, असं त्यांचं म्हणणं. पण पाडायचं म्हणजे देवीला जागेवरून हलवायचं. त्याला तिची परवानगी पाहिजे.

"कौलं उतरवायला कौल लागतोय बग," मैत्रिणीची आत्या म्हणाली. ऐंशीच्या पुढचं वय, कपाळावर मोठं गोंदण. मला शेजारी घोंगड्यावर बसवून घेतलं आणि माझा हात सोडलाच नाही.

गुरव आंघोळ करून ओलेत्यानं आला. झेंडूच्या पाकळ्या तांब्यात भिजवल्या आणि बोटाच्या पेरानं दाबून दोन चिकटवल्या, एक देवीच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. शेंदराच्या त्या लाल चढावर ओली पिवळी पाकळी, तिच्या कडेला पाण्याचा एक थेंब. तो थेंब ओघळला तरी पाकळी जागची हलली नाही. मोबाईल एका पोरानं उंच धरला होता, व्हिडिओ कॉलवर वाशीचे दहा-बारा चेहरे. गुरव म्हणाला, "आये, तुजी लेकरं तुज्या दारात उबी हाईत. यात्रंच्या आदी तुला हलवावं आसं मुंबईकरांच्या मनात हाय. पटत आसंल तर उजवी दे. नसंल पटत तर डावी दे."

मग काही झालं नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मला वाटलं होतं, सगळे टक लावून गप्प बसतील. तसं नाही. हळूहळू बोलणं सुरू झालं. एक आबा म्हणाले, सिमेंट लाँचनं आणायचं, वर डोक्यावरनं चढवायचं, यात्रेला उरलेत किती दिवस? फोनमधून कुणी म्हणालं, मजूर आम्ही पाठवतो. "त्यांच्या भाकरी कोण थापणार, हितं बाया हाईत किती?" हे एका काकूंनी देवीकडे बघत विचारलं, फोनकडे नाही. एक तरुण पोरगा, बहुतेक पहिल्यांदाच मोठ्यांच्यात बोलत असावा, म्हणाला, खांब तोडू नका, स्लॅब घाला पण खांब आत ठेवा. त्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग फोनमधला एक म्हातारा म्हणाला, "माज्या बापानं वाहून आणल्यात त्यातला एक." मधेच कॉल तुटायचा, पुन्हा लागायचा, आणि झालं ते गुरव शांतपणे पहिल्यापासून सांगायचा.

मी आत्याला विचारलं, धरणाच्या वेळी देवीला वर आणलं तेव्हाही असाच कौल लावला होता का?

ती थोडा वेळ गप्प बसली. "त्या टायमाला कसला कौल बाय? पानीच आलं की. माज्या चुलत्यानं आईला पाटीत घातली आन् डोक्यावर घिऊन चढला. मागनं आमी, शेरडं, कोंबड्या. इचारलं न्हाई कुनी. आमाला बी न्हाई आन् तिला बी न्हाई." मग म्हणाली, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे जमीन हलली तेव्हा वाडीतली सगळी माणसं घरं सोडून याच देवळापुढे येऊन बसली होती. 'न विचारता हलवली म्हणून कोपली,' असं तेव्हा जुनी माणसं म्हणाली. तारीख तिनं सांगितली नव्हती, ती मी घातली. ती म्हणाली, "भुईकंपाच्या पहाटं."

मला पुस्तकांत सापडलं नव्हतं ते 'मधलं' हेच होतं. पाकळी वाळायला जो वेळ लागतो, त्या वेळात वाडी बोलते. एरवी ज्याचा फोन वाशीहून कापला गेला असता, ज्या काकूंना कुणी विचारलं नसतं, ते सगळे एका पाकळीकडे बघत एकमेकांचं ऐकतात. उठून जायची कुणाला मुभा नसते, कारण उत्तर अजून आलेलं नसतं. पुढं काय होणार ते सांगण्यापेक्षा कौलाचं हे काम मला मोठं वाटलं. तिथं बसलेल्या कुणाला मी हे म्हणाले नाही. त्यांच्यासाठी उत्तर देवीनंच दिलं, आणि त्यांच्या शेजारी घोंगड्यावर बसून मलाही त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही.

तासाभरानं डावी पाकळी पडली. सरळ खाली नाही. आधी वरची कड सुटली, मग ती उलटी होऊन शेंदरावरून घसरत आली. फोनमध्ये शांतता झाली. गुरवानं पुन्हा पाकळ्या लावल्या आणि दुसरं मागणं घातलं: यात्रा झाल्यावर, पण पावसाच्या आत, आणि खांब ठेवून. खांबांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकलं होतं. या वेळी फार थांबावं लागलं नाही. उजवी पडली, आणि आत्यानं पुढे होऊन ती पदराच्या गाठीला बांधली.

जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि मिरचीचा ठेचा होता. परतताना लाँचवाल्या दादांनी मध्येच इंजिन बारीक केलं आणि बोट दाखवलं, "ताई, हितं खाली जुनं गाव. देऊळ त्या तिथं, दोन पुरुष पाण्यात." मी वाकून पाहिलं. हिरवंगार पाणी, त्यात आभाळ.

"काय दिसायचं न्हाई आत्ता," ते म्हणाले. "मे मध्ये या. पानी उतरलं की जोतं उघडं पडतंय. लोक नारळ फोडाय जात्यात."

साताऱ्याकडे येताना यवतेश्वरच्या अलीकडे थांबले. उरमोडीच्या पाण्यापलीकडे सज्जनगडावर दिवे लागत होते. समर्थांनी 'आनंदवनभुवनी'त रात्री स्वप्नात पाहिलं तसंच घडत असल्याचं लिहिलंय. लहानपणी आमच्याकडे ते रोज म्हटलं जायचं, आणि मी त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. घरी आल्यावर पहिल्यांदा ते काढून नीट वाचलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्याची रजा टाकली आहे. तोवर देवळाची कौलं उतरलेली असतील आणि खाली जुनं जोतं वर आलेलं असेल. मैत्रीण म्हणाली, आत्यालाही लाँचमधून घेऊन जाऊ. साठ वर्षांत ती एकदाही तिथं गेलेली नाही.